त्यांना कट नको

आमच्या घरी पाहुण्याच्या बशीत काय पडत नाही, यावरून मला त्या पाहुण्याचं पुढचं कळतं. हे ज्योतिष नव्हे. माझी बायको इथे कुवेतमध्ये, जाब्रियातल्या एका दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी करते. फहाहील-मंगाफकडच्या मराठी माणसाच्या छातीत काही बारीकसं जरी हललं, तरी तो दोन-तीन डॉक्टर फिरून शेवटी तिच्याच टेबलावर आडवा होतो. पडद्यावर काय दिसलं ते ती कुणाला सांगत नाही. मला तर नाहीच. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या पोटातून एक रिपोर्ट काढणं मला जमलेलं नाही.

पण तोच माणूस पुढे आमच्याकडे चहाला आला, की तिचा हात तिला फितूर होतो. कुणाच्या कपात साखर नसते. कुणापुढे चिवड्याऐवजी काकडी येते. पाहुण्याला वाटतं, वहिनी विसरल्या. मला कळतं, आणि मी घाईघाईने हवेचा विषय काढतो. कुवेतमध्ये हवेचे विषय दोनच, ऊन आणि धूळ, पण वेळ निभावून नेतात.

इथल्या मराठी मंडळाचे एक जुने काका होते. त्यांना आमच्याकडे कायम बिनसाखरेचा चहा मिळायचा आणि ते कायम नाक मुरडून तो प्यायचे. एकदा बायकोने त्यांच्या कपात चांगली दोन चमचे साखर घातली आणि शेजारी शिऱ्याची वाटी ठेवली. काका खूश, मीही खूश. ते गेल्यावर मी म्हणालो, "काका बरे झाले वाटतं." तिने शेगडीचे बर्नर उचकटले आणि तारेच्या घासणीने ते घासत बसली. महिन्याभरात काकांना गावी नेलं आणि पुढची बातमी व्हॉट्सअॅपवर आली. तेव्हापासून मला साखर नसण्याची भीती वाटत नाही. असण्याची वाटते.

एवढं आधी सांगून ठेवलं, कारण पुढची हकीगत दिसायला फुटबॉलची आहे.

आमचं मंडळ दर हिवाळ्यात फुटबॉलची स्पर्धा भरवतं. संघ चार. खेळाडूंचा ड्राफ्ट होतो तो फहाहीलच्या एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये. चार कॅप्टन चार टेबलांशी बसतात आणि आळीपाळीने एकेक माणूस उचलतात. मी हिशेबातला माणूस. ड्राफ्ट म्हटलं की मला इतकी वर्षं बँकेचाच आठवायचा. मी स्वतः खेळत नाही. एकदा माणूस कमी पडला म्हणून मला उतरवलं होतं. त्या सामन्यात चेंडू आणि मी एकदाच समोरासमोर आलो आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. तेव्हापासून मी पाठीराखा आहे. पाठीराख्याचं काम म्हणजे ड्राफ्ट झाल्यावर शुक्रवारी सकाळी आमच्या घरी जमून मिसळ खाणं आणि आपल्या कॅप्टनने कुठे माती खाल्ली ते त्याच्या तोंडावर सांगणं.

पहिल्या फेऱ्यांत उचललेल्या खेळाडूंबद्दल कुणी भांडत नाही. ते चांगलेच असतात, त्यात बोलण्यासारखं काय? भांडण होतं ते शेवटच्या दोन फेऱ्यांवर. तिथे उरलेली माणसं असतात. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची शिफ्ट आडवी येणारी, कुणाला कुणी खेळताना पाहिलेलंच नाही. आमचा कॅप्टन कोल्हापूरचा, तेलकंपनीच्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर. तो या फेऱ्यांना खरवड म्हणतो. "पातेल्याला खाली लागलेली असती. पण खाणाऱ्याला म्हाईत असतंय, गोडी तिथंच हाय."

त्या वर्षी त्याच्या वाट्याला आलेली खरवड अशी होती. शेवटून दुसरा, एका लॅबमध्ये नुकताच आलेला काडीपैलवान. आणि अगदी शेवटचा, आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहणारा गोली.

गोली म्हणजे गोलकीपर. त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. फक्त माझी बायको त्याला भावोजी म्हणते. मिरजेकडचा माणूस. कॉलेजात असताना कोल्हापुरात राहिला आणि एका पेठेच्या संघातून गोलात उभा राहिला. तिथली माणसं त्याच्यावर ओरडत, तेच त्याचं शिक्षण. इथे तेलाच्या प्लांटवर मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळायचा. बायको आणि मुली शाळेपायी केव्हाच मिरजेला परत गेल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली. आधीच्या हिवाळ्यात त्याला कुणी उचललंच नव्हतं. हॉलमधले दिवे मालवले तेव्हा तो खुर्च्या रचायला मदत करत होता. आणि येत्या उन्हाळ्यात त्याचा करार संपत होता. एकदा लिफ्टमध्ये तो मला म्हणाला होता, "जाताना एक सामना खेळून जायचंय. बास. दुसरं काय न्यायचं हितनं?"

तर, शुक्रवार सकाळ. बायको गडहिंग्लजची, त्यामुळे आमच्याकडे मिसळ असते ती कोल्हापुरी. वाडग्यात मटकीची उसळ, वर फरसाण आणि कांदा, आणि सगळ्यावर पळीने घातलेला लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा. तिकडे त्या रश्श्याला कट म्हणतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी पुणेरी सवयीने त्याला सॅम्पल म्हणालो होतो. सासरी ते अजून निघतं.

वाढपी मीच असतो. फुटबॉलमधली माझी योग्यता ओळखून सगळ्यांनी पळी माझ्या हातात दिलेली आहे.

बेल वाजली. दार बायकोने उघडलं. गोली.

"लिफ्ट चालू आहे ना, भावोजी?" तिने विचारलं.

"असेल की. मी जिन्यानंच आलो. दोनच तर मजले."

"जाताना लिफ्टने जा."

एवढंच. पण माझे कान उभे राहिले. या इमारतीत आम्ही राहायला आल्यापासून तिने कुणालाही लिफ्टने जा म्हटलेलं नव्हतं. उलट मला ती जिन्याने पाठवते. तिने खिडकीजवळची हाताची खुर्ची ओढली, गोलीला तिथे बसवलं आणि आत गेली.

इकडे वादाला तोंड फुटलेलंच होतं. बोलत होता तो बँकवाला. नांदेडचा, कुवेत सिटीत एका बँकेच्या आयटीत. दर सामन्याची आकडेवारी लॅपटॉपवर ठेवतो आणि मिसळीचे शिंतोडे त्याच्यावर उडू नयेत म्हणून लॅपटॉप मांडीवर उभा धरतो.

"माझं गोलीवर प्रेम आहे," तो म्हणाला. "पण हे बघा कॅप्टन, शेवटची फेरी असली म्हणून काय झालं? ती भीक घालायला नसती. तिथं तरुण पोरगं घ्यायचं, घडवायचं. तुम्ही रिटायर माणूस घेतला."

"रिटायर उन्हाळ्यात व्हणार हाय," कॅप्टन म्हणाला. "सामना हिवाळ्यात हाय."

"गुडघे बघा त्यांचे."

"गोलात गुडघं कशाला लागतंय? हात लागतात."

"मी इथंच बसलोय हां," गोली म्हणाला. "गुडघ्याबद्दल बोलायचं तर जरा वर बघून बोला."

सगळे हसले. माझी मुलगी खोलीतून बाहेर आली, पाव उचलला आणि इंग्रजीत म्हणाली की बाबा, ही मज्जेची लीग आहे, तुम्ही लोक असे बोलताय जसा कुणाचा जीव जातोय. आणि परत आत गेली. कॉलेजातल्या मुलीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. तेव्हा मी घेतलं नाही.

बँकवाला सोडायला तयार नव्हता. "रविवारपर्यंत नावं बदलता येतात. अजून टाइम आहे. माझं म्हणणं एवढंच, गोलीला कट करा, ते मंगाफचं पोरगं घ्या."

कॅप्टनने हनुवटी खाजवली. मला वाटतं, तो खरंच विचारात पडला होता. गोलीचं हसू तसंच होतं, पण त्याचे डोळे कॅप्टनच्या हनुवटीवर खिळले होते. मी पळी घेऊन एकेकाला वाढत त्याच्यापर्यंत पोचलो. पळी त्याच्या वाडग्यावर धरली.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "अहो, त्यांना कट नको."

कॅप्टनने मांडीवर थाप मारली. "ऐकलंसा? वहिनी म्हणत्यात त्यांना कट नको. विषय संपला."

"वहिनी, तुम्ही पण?" बँकवाला म्हणाला.

"ह्या घरात एकाच माणसाला फुटबॉल कळतंय आन् ते आत मिसळ करतंय," कॅप्टन म्हणाला. "नाव तेच राहणार. गोली खेळणार."

घर हसण्याने भरून गेलं. मी पळी तशीच धरून उभा होतो. तिच्यातला एक लाल थेंब फरशीवर पडला, मग आणखी एक. बायकोने तोंड उघडलं आणि मिटलं. गोलीने आपल्या कोरड्या वाडग्याकडे बघितलं, मग तिच्याकडे आणि मग माझ्याकडे. त्या खोलीत आम्ही तिघंच हसत नव्हतो.

मी तिच्यामागे आत गेलो आणि दार लोटलं. "तू रश्श्याचं बोललीस. त्याने संघाचं धरलं."

"बघितलं मी."

"मग बाहेर जाऊन सांग ना, मी रश्श्याचं म्हणत होते म्हणून."

"आणि रस्सा का नको, ते काय सांगू?"

बाहेर कॅप्टन कुणाला तरी फोनवर सांगत होता, की गोली फिक्स.

"फार आहे का?" मी विचारलं.

"मला विचारू नका," ती म्हणाली आणि एका हाताने बर्नर उचकटू लागली. शेगडी अजून गरम होती.

तिचा प्रश्न सरळ होता. पेशंटचा एक शब्द तिच्या तोंडून फुटला असं नुसतं बोललं गेलं, तरी नोकरी गेली. इथे नोकरीला इकामा टांगलेला असतो. राहायचा परवानाच तो. पण खरं सांगायचं, तर हे कारण मी दिलं, तिने नाही. तिचं कारण याहून जुनं आणि कडक होतं. तिच्या टेबलावर माणूस सदरा काढून झोपतो तेव्हा तो तिच्यावर जे टाकतो, ते तिने खाली ठेवायचं नसतं.

मग मी ठरवलं, की हे काम आपण करायचं. नाव बदलायला अजून वेळ होता. गोलीला संघाबाहेर काढायचं, पण आजाराचा शब्दही न काढता. माझ्यासारख्या बुद्धिमान माणसाला जो उपाय सुचायचा तोच सुचला. मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, 'कॅप्टनविषयी पूर्ण आदर राखून, शेवटच्या फेरीतली निवड साफ चुकलेली आहे.' खाली गोलीच्या उंचीविषयी, वयाविषयी, दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांमधून गेलेल्या एका चेंडूविषयी सविस्तर लिहिलं. वाचून मलाच पटलं.

फुटबॉलच्या पाठीराख्यांची मला पुरेशी ओळख नव्हती, एवढंच म्हणतो. मी लिहीपर्यंत निम्मा ग्रुप गोलीच्या विरुद्ध होता. मी विरुद्ध गेलो म्हटल्यावर सगळा त्याच्या बाजूने झाला. 'पुणेकर, तुम्ही आणि चेंडू एकमेकांना ओळखत नाही, तुम्ही बोलू नका.' बँकवाल्यानेही आकडे फिरवून दाखवलं, की शेवटच्या फेरीतली म्हातारी माणसंच अंतिम सामन्यात कामाला येतात. मी आणखी लिहिलं. शेवटी कॅप्टनचा आवाज आला, बोटाने टेबल वाजवत केलेला रेकॉर्ड: "जेवढं बोलशीला, तेवढा त्याला खेळवणार. आता पुरा वेळ खेळवतो."

रविवार आला आणि गेला. नाव तेच राहिलं.

सगळ्या चर्चेत गोलीचं एकच उत्तर होतं. हात जोडलेलं चित्र.

सोमवारी कामावरून येताना तो मला लिफ्टमध्ये भेटला. त्याच्या हातात नव्या हातमोज्यांची पिशवी होती. दोघेही आकड्यांकडे बघत उभे होतो.

"मी एवढा वाईट गोली आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"कट," मी म्हणालो.

तो हसला. खरंच हसला. "वहिनींनी तोंडातनं अक्षर काढलं नसेल."

"नाही काढलं. मला वाडगा कळला."

"डॉक्टर म्हणतात, पळायचं नाही, उचलायचं नाही. अँजिओ करून घ्या, लगेच. नळ्या भरल्यात म्हणे." हे तो प्लांटवरच्या एखाद्या पाइपाबद्दल बोलावं तसं बोलला. "करणार आहे. सामना शुक्रवारी. शनिवारी जाऊन झोपतो त्यांच्यापुढं."

"शनिवारी कशाला? आज चला. मी गाडी काढतो."

"आणि शुक्रवारी गोलात कोण? ते लॅबवालं?" त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "गोलात पळावं लागत नाही हो. नुसतं उभं राहायचं. उभं राहून कुणी मरतंय का?"

माझा मजला आला. दार उघडलं. मी बाहेर पडलो नाही आणि ते परत मिटलं.

"घरी माहीत आहे?"

"घरी सांगितलं तर ती विमानानं येऊन मला कॉलरला धरून नेईल." मग तो आकड्यांकडे बघतच म्हणाला, "तुम्ही कुणाला बोलू नका. बोललात तर लोक म्हणणार, वहिनींनीच फोडलं."

तो हे धमकी म्हणून बोलला नव्हता, काळजीने बोलला होता. तरी ते माझ्या मानेवर बसलं, ते शुक्रवारपर्यंत उतरलं नाही. ऑफिसात बेरजा चुकल्या. घरी आमची शेगडी इतकी लखलखत होती, की तिच्यात तोंड दिसावं.

शुक्रवारी दुपारनंतर सामना. हवा सकाळपासून पिवळी होती. दूर क्षितिजावर रिफायनरीची ज्योत धुळीतून दिसत होती, विझायला विसरलेल्या दिव्यासारखी. मी निघायला चपला घालत होतो, तर बायको आतून आली. पायांत दवाखान्यातले पांढरे बूट, खांद्याला एक भली मोठी निळी बॅग. ती आजवर एकाही सामन्याला आलेली नव्हती.

"तू?"

"उतरल्यावर किल्ली माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "आणि तिथे पोचल्यावर गाडी फाटकाच्या तोंडाशी लावा. तोंड बाहेर करून."

मी गाडी तोंड बाहेर करून लावली. तिने घडीची खुर्ची उचलली, मैदानाला वळसा घातला आणि आमच्या गोलाच्या बरोबर मागे, जाळीपासून दोन हातांवर ती मांडली. मी जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो. गोली हातमोजे चढवत आला, तिला बघून थबकला.

"वहिनी, तुम्हीपण फुटबॉल बघता?"

"नाही, भावोजी. मी फुटबॉल बघायला नाही आले."

त्याने मोज्याचा पट्टा आवळला, परत सोडला, परत आवळला. मग वळून गोलात जाऊन उभा राहिला. पंचाने शिट्टी दिली.

सामन्याबद्दल मला विचाराल, तर मी सगळा वेळ एकच पाठ बघितली. हिरवी जर्सी, तिच्यावर मध्यभागी घामाचा डाग. डाग मोठा होत होता. दूरच्या फळ्यांवर बसून आमचे लोक ओरडत होते. चेंडू बराच वेळ दुसऱ्याच बाजूला होता, आणि तो तिकडेच राहावा म्हणून कुठल्याच मराठी माणसाने एवढा देव आठवला नसेल.

मग तो इकडे आला. त्यांच्या एका उंच पोराने डाव्या कोपऱ्यात जोरात मारला आणि गोलीने झेप घेतली. कशी घेतली ते मला सांगता येणार नाही. पन्नाशीतला माणूस हवेत आडवा झाला, चेंडू त्याच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला आणि तो धप्पकन मातीवर पडला. फळ्यांवर नुसता कल्लोळ. बँकवाला लांबून माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी खूण करत होता. शेवटची फेरी, पुणेकर, शेवटची फेरी.

गोली उठला नाही. मातीवर गुडघे टेकून बसला आणि मोजा घातलेला हात त्याने जबड्यावर धरला. दात दुखल्यावर धरतात तसा.

शेजारी बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

तो उठला. उभा राहिला. पुढचा चेंडू आला नाही, देवाची कृपा, आणि मध्यंतराची शिट्टी झाली. सगळे कॅप्टनकडे गेले. गोली उलटा, जाळीकडे आला. जाळीला बोटं अडकवून उभा राहिला. चेहरा धुळीच्याच रंगाचा.

"आता बास, भावोजी," बायको म्हणाली.

"एवढा अर्धा, वहिनी."

"माझ्याकडे बघा."

त्याने बघितलं. तिने काय दाखवलं देव जाणे. तिचा चेहरा मला नेहमीसारखाच दिसत होता. पण तिच्या टेबलावर झोपून त्याने तो एकदा पाहिलेला होता. त्याने दातांनी मोज्याचा पट्टा ओढला, मोजे काढले आणि लॅबवाल्याला हाक मारली. "तू उभा राहा. बाजूनं चेंडू आला तर गोल सोडून पुढं पळू नको. सगळे ओरडतील, पळू नको."

कॅप्टन धावत आला. "काय झालं?"

"मनगट गेलं."

"मनगट? आरं लेका, मी जगाशी भांडून तुला घेतला आन् तू मनगटावर जातूस?"

"चुकलं," गोली म्हणाला.

गाडी बायकोने चालवली. तिने त्याला जिभेखाली काहीतरी ठेवायला दिलं होतं. मी मागे बसलो आणि त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. जाब्रियाचा रस्ता शुक्रवारचा रिकामा, दिव्यांभोवती धुळीची पिवळी वलयं. माझ्या खिशात फोन सारखा थरथरत होता.

"काय म्हणतायत?" गोलीने डोळे न उघडता विचारलं.

मी वाचलं. लॅबवाला पुढे पळाला होता. गोल झाला होता. 'शेवटच्या फेरीत आणि काय मिळणार.' 'मनगट म्हणे.' 'पन्नाशीचा माणूस घेतल्यावर दुसरं काय व्हायचं होतं?' आणि खाली बँकवाल्याचं, 'पुणेकर पहिल्यापासून बरोबर म्हणत होते.'

आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलमधलं माझं मत लोकांना पटलं होतं.

गोलीच्या ओठांचा एक कोपरा हलला. "बघा," तो म्हणाला. "तुम्हाला कळतंय की."

"बोलू नका," बायको आरशातून म्हणाली. "आणि तुम्ही वाचू नका."

मी फोन बंद केला. पुढचे गोल कुणी केले ते मला नंतर कळलं. इमर्जन्सीच्या दारात खुर्ची आली, तिला चाकं होती. बायको त्याच्याबरोबर आत गेली. झुलणारी दारं दोनदा हलली आणि थांबली. तिची निळी बॅग माझ्या मांडीवर राहिली. मी ती उघडून बघितली नाही.

त्या रात्रीच त्याची एक नळी उघडली. बाकीच्यांचं मागाहून बघू, असं डॉक्टर म्हणाले. मिरजेहून त्याची बायको आली आणि तिने खरंच कॉलर धरायचीच बाकी ठेवली. करार संपायची वाट न बघता दोघांचं परतीचं तिकीट निघालं. खरं कारण आता सगळ्या फहाहीलला माहीत होतं आणि ते कुणी फोडलं असं कुणी म्हणालं नाही. त्याने स्वतःच ग्रुपवर लिहिलं होतं, 'मनगट नव्हतं.'

निघण्याआधीच्या शुक्रवारी तो आमच्याकडे आला. त्याची बायको वर सामान बांधत होती. तो लिफ्टने आला. वजन उतरलेलं, दाढी केलेली, सदरा गळ्यापाशी मोठा झालेला. हाताच्या खुर्चीत बसला. कॅप्टन त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता. मग तो स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुम्हीच म्हणालासा की. त्यांना कट नको."

"मी रश्श्याचं म्हणत होते," बायको आतून म्हणाली.

कॅप्टनच्या डोक्यात ते वाक्य मागे मागे जात असावं, त्या सकाळपर्यंत. मग त्याने दोन्ही कान धरले. गोली हसायला लागला, मग बँकवाला, मग सगळेच, आणि जरा सैल झालं. लगेच वाद सुरू झाला, की ती झेप शेवटच्या फेरीत आजवर घेतलेल्या कुठल्याही माणसाची सगळ्यात मोठी झेप होती की नाही. बँकवाला म्हणाला, माझ्याकडे आकडे आहेत. कॅप्टन म्हणाला, आकडे घाल चुलीत.

मी पळी घेऊन निघालो. एकेकाला वाढत गोलीपाशी आलो आणि त्याचा वाडगा सोडून पुढे सरकलो.

बायको बाहेर आली होती. तिने माझ्या हातातली पळी घेतली. भांड्यात बुडवली, तवंगासकट भरली आणि गोलीच्या वाडग्यात ओतली. फरसाण लाल झालं. मग तिने आणखी अर्धी घातली.

"चालेल, वहिनी?"

"खा, भावोजी."

"बघा," कॅप्टन म्हणाला. "बरं झालं गडी. फुडच्या वर्षी पहिल्या फेरीत उचलतो तुला, तिकडनं बोलवून घेतो."

"पुढच्या वर्षी मी नसतोय," गोली म्हणाला आणि पाव मोडला.

मी बायकोकडे बघितलं. ती वाडग्याची कड फडक्याने पुसत होती. तिने वर बघितलं नाही. पळी माझ्या हातात दिली आणि आत गेली. गोलीने पाव कटात बुडवून तोंडात टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक ओढत तो म्हणाला, "काय झालाय हो. कित्ती दिवसांनी."

आतून बर्नर उचकटल्याचा आवाज आला.

सगळे जेवत होते. मी पळी भांड्यात ठेवली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणालो, "उद्या परत धूळ आहे म्हणे."